मदत हवी आहे: एसीईटी पास झाले, आधी सीएस१ द्यावा की सीएम१? (पीकविम्याचं गणित शिकायचं आहे)

नमस्कार मंडळी,

एसीईटी म्हणजे विमागणितज्ञ होण्यासाठीची प्रवेश परीक्षा. सीएस१ (संख्याशास्त्र) आणि सीएम१ (विमागणित) हे त्यानंतरचे पेपर. धागा जरा लांबणार आहे. मागचं सांगितल्याशिवाय माझी अडचण नीट कळणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. अमरावती विद्यापीठातून संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि चार वर्षांपासून सात किलोमीटरवरच्या सीएससी केंद्रात काम करते. जून-जुलै लागला की केंद्रासमोर सकाळी सातपासून रांग. सातबारा, आधार, पासबुक, पेरणीचं स्वयंघोषणापत्र, आणि २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक. कागद तपासायचे, अर्ज भरायचा, पावती काढून हातात द्यायची.

त्या पावतीमुळेच मी या विषयाकडे आले. २०२३ च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीकविमा सुरू केला. शेतकरी एक रुपया देऊन जायचा आणि पावतीवर हेक्टरी एकूण हप्ता काही हजारांचा दिसायचा, बाकीचे पैसे राज्य आणि केंद्र भरणार. दिवसाला शंभरेक पावत्या काढताना दर वेळी डोक्यात यायचं, हा दर ठरवतो कोण? सोयाबीनला एक, तुरीला दुसरा. आमच्या जिल्ह्याला एक, शेजारच्या वाशिमला वेगळा. शोधता शोधता ‘ॲक्च्युअरी’ हा शब्द पहिल्यांदा वाचला. विमागणितज्ञ. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत (२०१६ च्या खरिपापासून) शेतकऱ्याचा हिस्सा बांधलेला आहे: खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला १.५, कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के. खरा दर यापेक्षा बराच जास्त असू शकतो, आणि तो विमागणितानं निघतो.

आता घरचं सांगते. २०२५ च्या खरिपात एक रुपयाची योजना बंद होऊन पुन्हा टक्क्यांचा हप्ता आला. सोबत आणखी एक बदल झाला, तो आमच्याकडे पुष्कळांना ऐन वेळी कळला. आधी शेतात पाणी साचलं की ७२ तासांत पूर्वसूचना देऊन आपल्या वावरापुरती भरपाई मागता यायची. त्या खरिपापासून राज्यात ते संरक्षण राहिलं नाही, सगळं महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटाच्या, सरासरी उत्पादनावर आलं. आमचं वावर नाल्याच्या काठाला आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगांतच कोंब फुटले. चार एकरांत मिळून पाच क्विंटल घरी आलं.

ही सरासरी पीक कापणी प्रयोगांतून काढतात. आमच्या मंडळातला असा एक प्रयोग पाहायला मी मुद्दाम गेले होते. वावर टेकाडावरचं, निचऱ्याचं. दोरीनं चौकट आखली, कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, आतलं सोयाबीन सोंगून ताडपत्रीवर बडवलं, सुपानं पाखडलं आणि पिशवी लटकत्या काट्याला अडकवली. काटा थरथरून थांबेपर्यंत कोणी बोललं नाही. मग आकड्याचा फोटो मोबाईलमध्ये. पीक तिथं बरं होतं आणि काम करणाऱ्यांनी काम चोख केलं, त्यात मला काही खोट दिसली नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "पोरी, थ्या काट्यावर आपल्या वावरातली एक शेंग बी नाही चढली."

त्या रात्री मी वहीत हिशोब मांडून पाहिला. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, सूत्र खरं आहे. मागच्या ७ वर्षांतल्या सगळ्यांत चांगल्या ५ वर्षांची सरासरी हेक्टरी १२०० किलो धरली. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणून उंबरठा उत्पादन ८४०, म्हणजे सरासरी याखाली गेली तरच भरपाई. मंडळाची यंदाची सरासरी ६३० आली तर तूट २१०, म्हणजे ८४० च्या २५ टक्के. विमा रक्कम ५०,००० असेल तर १२,५०० मिळतील. पण मंडळाची सरासरी ९०० आली तर कोणालाच काही नाही, मग माझ्या वावरात ३०० पिको की शून्य. सूत्र चुकलेलं नाही, ते फक्त माझ्या वावराकडे पाहत नाही. हे मला एवढं लागलं की ठरवलं, हा विषय मुळापासून शिकायचा.

एसीईटी दुसऱ्या खेपेला निघाली. १०० गुण, ३ तास, घरूनच ऑनलाइन दिली. लाईनचा भरवसा नाही म्हणून मावशीकडून इन्व्हर्टर आणला होता. पहिल्या खेपेला गणित जमलं, इंग्रजीत वेळ गेला.

आता अडचण अशी आहे. दोन पेपरची फी एकदम झेपत नाही, एका वेळी एकच देता येईल. आधी सीएस१ घ्यावा की सीएम१? माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून, तर लेखी उत्तरांत मार खाईन का? गावात राहून, नोकरी सांभाळून कुठपर्यंत जाता येतं? आणि पीकविम्याचं काम शेवटी कोणत्या विषयात मोडतं?

अजून एक. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान आणि पाण्याखाली गेलेलं भातपीक योजनेत घेता येईल. आमच्याकडे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर हा तर रोजचा विषय आहे. पेरणीपासून सोंगणीपर्यंत माणसं मचाणावर जागतात. पण उत्पादनाचे निदान सात-सात वर्षांचे आकडे आहेत, डुकरांनी किती खाल्लं याचे कुठे आहेत? आकडेच नसताना विमागणितज्ञ दर कसा काढतो? हे कोणी समजावलं तर फार उपकार होतील.

—

प्रतिसाद १ (मुंबईत सामान्य विमा क्षेत्रात काम, मूळ पुसदचा)

ताई, आधी अभिनंदन. एसीईटीचा निकाल तीन वर्षं चालतो, तेवढ्यात इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाचं विद्यार्थी सभासदत्व घेऊन टाका. २००६ च्या कायद्यानं हीच आपल्याकडची अधिकृत संस्था आहे.

तुमच्यासाठी सीएस१ आधी. संभाव्यता, अनुमान, प्रतिगमन हे बी.एस्सी.त झालेलं आहे, नवीन असेल ते बेझचं संख्याशास्त्र आणि आर ही संगणकभाषा. आर फुकट मिळते, साध्या लॅपटॉपवर चालते, आजपासून हात बसवा. सीएम१ म्हणजे चक्रवाढ व्याज, वार्षिकी, मृत्युसारण्या. तो आयुर्विम्याचा पाया. त्याचा दुसरा भाग एक्सेलवर असतो आणि केंद्रात काम करून तुमचा तिथला हात वेगवान असणार, म्हणून तो दुसरा ठेवा. सीएस२, म्हणजे संख्याशास्त्राचा पुढचा पेपर, मात्र टाळू नका, कितीही अवघड वाटला तरी. अतिटोकाच्या घटनांचं गणित त्यात आहे. अतिवृष्टी आणि दुष्काळ सरासरीच्या सूत्रात मावत नाहीत, ते तिथं शिकायला मिळतं.

पीकविमा सामान्य विम्यात, म्हणजे आयुर्विमा सोडून बाकीच्या विम्यात मोडतो. पुढे एसपी७ आणि एसपी८ हे पेपर येतील, पहिला राखीव निधी आणि भांडवलाचा, दुसरा दर ठरवण्याचा. त्यानंतर एसए३, तोही सामान्य विम्याचाच. हा अनेक वर्षांचा रस्ता आहे, सांगून ठेवतो. अभ्यास गावातून होईल, पण दोन-तीन पेपर सुटले की कामाचा अनुभव हवा आणि ते काम आज तरी मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर अशा शहरांतच आहे. त्याची मनाची तयारी आतापासून करा.

इंग्रजीची भीती बाळगू नका. उत्तरं छोटी आणि मुद्द्याची लागतात. संस्थेच्या संकेतस्थळावर जुने पेपर उत्तरांसकट मोफत आहेत. रोज एक उत्तर हातानं लिहून काढा, सहा महिन्यांत वाक्यं अंगवळणी पडतात. मीही मराठी माध्यमाचाच. बातम्यांसाठी विमा नियामक आयआरडीएआयची परिपत्रकं आणि संस्थेचं ‘द ॲक्च्युअरी इंडिया’ हे नियतकालिक वाचत जा. सध्या जिकडेतिकडे चर्चा आहे ती इंड एएस ११७ ची, म्हणजे विमा करारांच्या नव्या लेखामानकाची. ते ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचित झालं. विमागणितज्ञ आणि हिशोबनीस यांना एका टेबलाशी बसवणारा बदल आहे. तुम्हाला आज तो सगळा कळायची गरज नाही, शब्द कानावर असू द्या.

आता तुमचा खरा प्रश्न. सीएस१ मध्येच ‘क्रेडिबिलिटी’ नावाचं प्रकरण येईल, ते जीव लावून करा. सोपं करून सांगतो. तुमच्या मंडळाची सात वर्षं म्हणजे फक्त सात आकडे. तेवढ्यावर सगळा भरवसा टाकता येत नाही आणि ते सोडूनही देता येत नाहीत. म्हणून मंडळाच्या अनुभवाला एक वजन द्यायचं, समजा ०.४, आणि उरलेलं ०.६ जिल्ह्याच्या किंवा तशाच जमिनीच्या भागाच्या अनुभवाला. मंडळाची माहिती वाढेल आणि पक्की होईल तसं तिचं वजन वाढत जातं. रानडुकरांचंही तसंच. पहिली वर्षं दर ठोकळ असेल, उधारीच्या माहितीवर उभा असेल, आणि अनिश्चितता जास्त म्हणून वर थोडी भर घातलेली असेल.

—

प्रतिसाद २ (कृषी खात्यातून निवृत्त, वाशिम)

बेटा, कापणी प्रयोगाचं तू बारकाईनं पाहिलंस, बरं वाटलं. गाव आणि शेत यादृच्छिक पद्धतीनं निघतं, आम्ही आमच्या मनानं निवडत नाही. मंडळात एका पिकाचे दहा-बारा प्रयोग. त्यात नाल्याकाठचं वावर एखादंच येतं, कधी येतच नाही. मी किती तरी वर्षं काटा धरला आहे आणि बाबांसारखं बोलणारे लोक प्रत्येक गावात भेटले. उत्तर देता यायचं नाही. आता सोयाबीनला उपग्रहावरून काढलेलं उत्पादनही जोडतात, त्यातून असे खोलगट पट्टे वेगळे दिसले तर पुढे मंडळाहून लहान एकक करता येईल असं मला मनापासून वाटतं.

डुकरांचे आकडे अगदीच नाहीत असं नाही. नुकसानीची भरपाई वनखातं देतं, त्याचे पंचनामे होतात. पण दोन-चार ओळी उकरल्या तर कोण अर्ज करतो? एक दिवसाची मजुरी बुडवून कोणी जात नाही. त्यामुळे कागदावर मोठं नुकसान तेवढं दिसतं.

—

धागाकर्ती

दादा, काका, दोघांचे मनापासून आभार. सीएस१ नक्की केला. कालच लॅपटॉपवर आर टाकून मंडळाचे सात आकडे भरून पाहिले, आलेख निघाला आणि २०२३ चा खड्डा लगेच ओळखू आला. त्या वर्षी आमच्याकडे पिवळ्या मोझॅक रोगानं सोयाबीन वाळलं होतं.

काकांच्या शेवटच्या मुद्द्यावरून एक सुचलं. अर्ज भरायला येणारे बहुतेक माझ्या ओळखीचे. त्यांना विचारून मी केंद्रात एक नोंदवही ठेवू शकते: कोणत्या गटात, कोणत्या पिकात, कोणत्या तारखेला रोही किंवा डुकरं आली, किती ओळी गेल्या. पंचनामा झाला की नाही, तेही. माणसाचं नाव लिहिणार नाही, फक्त गाव आणि क्षेत्र. हे उद्या कोणाच्या कामी येईल का? आणि ज्यांच्या वावरात डुकरं आलीच नाहीत, त्यांचं काय करू, सोडून देऊ?

—

प्रतिसाद १

सोडू नका ताई, त्यांचीच नोंद आधी. दर म्हणजे नुकसान भागिले जोखमीखालचा सगळा पेरा. फक्त नुकसान झालेले लिहिले तर वरचा आकडा मिळेल, खालचा मिळणार नाही, आणि खालचा नसेल तर दर निघत नाही. शून्य असेल तर शून्य लिहा, रकाना कोरा ठेवू नका. वावर जंगलाच्या कडेपासून किती लांब आहे हेही अंदाजे लिहा, नुकसानीत सगळ्यांत मोठा फरक बहुतेक तिथंच दिसेल. आणि अंदाज नेहमी एकाच पद्धतीनं घ्या. एकाला ओळी विचारल्या आणि दुसऱ्याला एकर, तर पुढे जुळवता येणार नाही.

—

धागाकर्ती

मग रकाने असे आखते: गाव, पीक, पेरा किती एकर, जंगलापासून अंतर, प्राणी आला का, तारीख, किती गुंठे गेले, पंचनामा. ओळींचं मी स्वतः गुंठ्यांत करून लिहीन, म्हणजे सगळ्यांचं माप एक राहील. तुरीला डुक्कर आणि रोही दोन्ही लागतात, तिथं प्राण्याचे दोन वेगळे रकाने करू का?