उत्तर: रग्बीत बॅकलाइन आडवीच का पळते?

दादा, स्क्रममधून (दोन्हीकडचे गडी खांद्याला खांदा लावून ढकलतात तिथून) बॉल सुटला की बॅकलाइनची, म्हणजे मागे ओळीत उभी असलेली, पोरं पुढे न जाता टचलाइनकडे (मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे) आडवी पळतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे गोल्फ क्लब मैदानावर हेच रडगाणं होतं. चूक बहुतेक 10 नंबरची (फ्लाय-हाफ, बॅकलाइनला बॉल देणारा) असते. तो तिरका धावला की बाहेरच्यांची जागाच संपते. त्याला आधी दोन पावलं सरळ पळवा, मग पास.

नवीन मूव्ह लाइनआउटवर (बाहेर गेलेला बॉल दोन रांगांमध्ये परत फेकतात तेव्हा) शिकवा. तिथे दोन्ही बॅकलाइन 10-10 मीटर मागे, म्हणजे मध्ये 20 मीटर मोकळे. स्क्रमला त्याहून कमी. आणि 12 नंबरने (10 च्या बाहेरच्या सेंटरने) खोटं धावताना, म्हणजे बॉल मिळणार नसताना समोरच्याला फसवायला पळताना, हात पुढे काढून बॉल मागायलाच हवा. आमचा एक गडी हात लटकवून पळायचा, समोरचा त्याच्याकडे ढुंकूनही बघेना! कबड्डीतली हूल आठवा म्हटलं, तेव्हा कुठे जमलं.