विंडोज १० संपलं, दुकानात लिनक्स टाकू का? आणि फुकट असून हे आजवर चाललं का नाही?

पत्रिकावाला:
नमस्कार मंडळी. माझं डीटीपीचं दुकान आहे, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागं. लग्नपत्रिका, फ्लेक्सची डिझाईन, बिलबुकं आणि मधल्या वेळात ऑनलाइन फॉर्म, सातबारा, परीक्षेचे अर्ज वगैरे. चार पीसी आहेत, चारही आय थ्री, दोन तिसऱ्या जनरेशनचे दोन चौथ्या, मागं रॅम ८ जीबी करून घेतली आणि एसएसडी टाकली त्यामुळं मशीन अजून पळतात, कामाचं काही अडत नाही. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. हार्डवेअरवाला म्हणतो ११ ह्यावर चढणार नाही, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा, तेव्हा चारही बदला. चार मशीनचे पैसे काय झाडाला लागलेत का? भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे तो म्हणतो मामा विंडोजच्या जागी लिनक्स टाक, त्यातलं मिंट नावाचं, आयुष्यभर फुकट.

दोन प्रश्न आहेत. एक, माझं डिझाईनचं कोरल ड्रॉ आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी (ते यूएसबी लॉकवालं) त्यावर चालणार का. दुसरा प्रश्न जरा बाळबोध आहे पण लई दिवस डोक्यात आहे. २००६ ला मी उबंटूची (ते पण एक लिनक्सच) सीडी मागवली होती, एक रुपया न देता पोस्टानं घरी आलेली, छापील कव्हरसकट, अजून कपाटात आहे. तेव्हाही लोक म्हणायचे आता विंडोजचं काही खरं नाही. मग एवढ्या वर्षांत झालं काय? आपल्याकडं फुकटच्या वस्तूला रांग लागते, ह्याला का नाही लागली?

टर्मिनल_तात्या:
भाचा हुशार आहे. मिंट टाका, त्यातलं हलकं, एक्सएफसीई वालं घ्या, तुमच्या मशीनवर लोण्यासारखं चालेल. आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, हार्ड डिस्कला हात लावायची गरज नाही. प्रिंटर, वायफाय, साउंड लागतं का ते तिथंच कळतं.

पण कोरल आणि श्रीलिपी विसरा. वाइनवर (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवायची सोय) जुनं कोरल उघडतं असं सांगणारे भेटतील, लग्नसराईत त्याच्या भरवशावर बसू नका. आणि घाई असेल तर विंडोज १० लाच एक वर्ष वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे पण लागत नाहीत. तुमचं विंडोज ओरिजिनल आहे ना पण? 😏

पत्रिकावाला:
तात्या, चारचौघात असले प्रश्न विचारू नयेत.

जुना_असेंबलर:
पत्रिकावाले तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो कारण त्या पापात माझा वाटा आहे. १९९९ पासून तेरा वर्षं मी असेंबल मशीन विकली. गिऱ्हाईक यायचं, पीसी केवढ्याला, पंचवीस हजार. त्यात विंडोज आलं का? आलं. ऑफिस? आलं. फोटोशॉप, पेजमेकर, कोरल, पोरांना गेम? आलं हो सगळं. चेनच्या पाऊचमध्ये वीसेक सीड्या, वर स्केचपेननं नावं आणि त्याखालीच सीडी की. आता अशा गिऱ्हाइकासमोर लिनक्सवाला येऊन सांगतोय की माझं फुकट आहे. अहो त्याला विंडोज पण फुकटच मिळत होतं की! आपल्याकडं फुकट विरुद्ध विकत असा सामना कधी झालाच नाही, फुकट विरुद्ध फुकट झाला, आणि दोन्ही फुकट म्हटल्यावर माणूस शेजारच्याकडं जे आहे तेच घेणार, कारण रात्री दहाला अडलं तर शेजाऱ्याचं दार वाजवता येतं.

आणि हे मायक्रोसॉफ्टला कळत नव्हतं असं समजू नका. १९९८ ला बिल गेट्स स्वतः एका विद्यापीठात चीनबद्दल बोलताना म्हणाला होता की लोक चोरणारच असतील तर आमचं चोरू देत, एकदा सवय लागली की पैसे कसे वसूल करायचे ते पुढं बघू. हे चीनबद्दल होतं, पण मी ते वाचलं तेव्हा माझ्या दुकानाचा फोटो बघितल्यासारखं वाटलं.

२००८ च्या सुमारास पायरेटेड विंडोज एक्सपीवर दर तासाला डेस्कटॉप काळा व्हायला लागला, आठवतंय का कुणाला? वॉलपेपर लावा, तासाभरानं परत काळं. मला वाटलं आता तरी लोक वळतील. दोन मशीनवर मी उबंटू टाकून दिलं. एक चौथ्या दिवशी परत, कारण त्यांचं नेटचं डोंगल लागेना. दुसरं एका रिटायर्ड मास्तरांकडं होतं, ते पत्ते खेळायचे आणि नातीचे फोटो बघायचे, ते मशीन सहा वर्षं चाललं आणि एकदाही माझ्याकडं आलं नाही. बाकी सगळे काय म्हणाले? भाऊ, दुसरी सीडी आणा ज्यात काळं होत नाही.

अजून एक खरं बोलतो. विंडोज फॉरमॅट करून द्यायचे मी ३०० रुपये घ्यायचो, गिऱ्हाईक वर्षातून दोनदा यायचं. मास्तरांच्या मशीननं मला सहा वर्षांत किती दिले? शून्य. मग मी कशाला कुणाला लिनक्सचा आग्रह करू, सांगा.

खिडकीतोड:
असेंबलर काकांचं पटलं पण ते अर्धंच आहे, कारण अमेरिकेत तर लोक पैसे देऊन मशीन घेत होते, तिथं का नाही चाललं? तिथं दुकानात पोचण्याआधीच खेळ झालेला असायचा. १९९४ पर्यंत मायक्रोसॉफ्टचे पीसी कंपन्यांशी असे करार होते की तुम्ही जेवढी मशीन विकाल तेवढ्यांचे पैसे आम्हाला द्या, त्यात आमचं डॉस-विंडोज असो नसो. मग दुसऱ्याची सिस्टीम टाकायची म्हणजे एका मशीनला दोनदा पैसे. अमेरिकन सरकारनं १९९४ ला समझोता करून ते बंद करवलं पण तोवर सवय पडून गेली होती.

आणि पत्रिकावाले, तुम्ही कोरलचं नाव काढलंत म्हणून सांगतो, हे डीटीपीवाल्यांना माहीत नसतं. कोरल कंपनीनं स्वतःचं लिनक्स काढलं होतं! कोरल लिनक्स, नोव्हेंबर १९९९, डेबियन नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं. आणि २००० ला चक्क कोरल ड्रॉ ९ लिनक्सवर आणलं. म्हणजे आज तुम्ही जे मागताय ते पंचवीस वर्षांपूर्वी विकायला होतं. पण ते वाइनवरून चालवलेलं असल्यानं जड होतं, आणि कंपनीचा खजिना तळाला गेलेला. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांना साडेतेरा कोटी डॉलर दिले कुणी? मायक्रोसॉफ्टनं. दुसऱ्या वर्षी कोरलनं लिनक्सचा धंदा सोडला. पैसे देताना लिनक्स बंद करा अशी अट घातली असं मी म्हणत नाही, बुडत्याला फार अटी घालाव्या लागत नाहीत.

गंमत पुढं आहे. ते कोरल लिनक्स गेलं झँड्रॉस नावाच्या कंपनीकडं. आणि २००७ च्या शेवटी असूसचा तो छोटा ई पीसी आला ना, सात इंची स्क्रीन, ४ जीबीची एसएसडी, त्यात कुठलं लिनक्स होतं? झँड्रॉसच! असं झालं की सामान्य माणूस दुकानातून लिनक्स घेऊन घरी गेला आणि त्याला ते लिनक्स आहे हे माहीतही नव्हतं. तेव्हा विंडोज व्हिस्टा एवढं जड की त्या खेळण्यावर चालणंच शक्य नव्हतं, आणि एक्सपीची विक्री जून २००८ ला बंद होणार होती. मायक्रोसॉफ्टनं काय केलं, एप्रिल २००८ मध्ये जाहीर केलं की अशा स्वस्त छोट्या मशीनसाठी एक्सपी होम चालू ठेवतो. निवृत्तीला तीनेक महिने राहिलेला गडी परत मैदानात उतरवला, आणि बघता बघता ही छोटी नेटबुकं बहुतेक एक्सपीवर. व्हिस्टानं जे अंगण मोकळं सोडलं होतं ते एक्सपीनं राखलं.

टर्मिनल_तात्या:
ई पीसी होता माझ्याकडं. कीबोर्ड एवढासा की एका बोटानं दोन अक्षरं उमटायची. बाकी खिडकीतोड, चित्र एवढं काळं पण नाही. वेबसाईटवर कोण कुठली सिस्टीम वापरतं ते मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत फेब्रुवारी २०२४ ला जगभरच्या डेस्कटॉपवर लिनक्स पहिल्यांदाच ४ टक्क्यांवर गेलं. आणि गेमवाली पोरं येतायत हो, २०१८ ला वॉल्व ह्या गेम कंपनीनं प्रोटॉन आणलं, विंडोजचे बरेच गेम तसेच लिनक्सवर पळतात, २०२२ पासून त्यांचं हातात धरून खेळायचं स्टीम डेक तर आतून लिनक्सच आहे.

जुना_असेंबलर:
तात्या, ४ टक्के म्हणजे आमच्या सोसायटीच्या मीटिंगला येणारी माणसं.

म्युनिकचा_बाळ्या:
मी म्युनिकजवळ राहतो, इथली गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २००३ ला इथल्या नगरपालिकेनं ठरवलं की विंडोज सोडून लिनक्सवर जायचं. मायक्रोसॉफ्टचा तेव्हाचा प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी सोडून महापौरांना भेटायला आला, सवलत देऊ केली, तरी ऐकलं नाही. लिमक्स नाव दिलं त्याला. दहा वर्षं लागली पण २०१३ पर्यंत १५ हजारांच्या आसपास मशीन नेली. आणि २०१७ ला नव्या महापौरांच्या काळात ठराव झाला, परत विंडोज! लोक लगेच म्हणतात मायक्रोसॉफ्टनं जर्मनीचं मुख्य ऑफिस म्युनिकमध्ये हलवलं म्हणून. असेल नसेल. मला तरी वाटतं सिस्टीमपेक्षा तिच्या भोवतीचा पसारा नडला, बांधकाम परवाना, कर, असल्या एकेका खात्याचं स्वतंत्र सॉफ्टवेअर, त्यातलं बरंच फक्त विंडोजवर चालणारं, आणि बाहेरून आलेली वर्डची फाईल इकडं उघडली की तक्ता विस्कटायचा. कारकुनाला काय, त्याला तक्ता सरळ दिसला पाहिजे.

आता उत्तरेकडं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य ३० हजार मशीनवर तेच करतंय, पण ते शहाणे, त्यांनी आधी ऑफिस आणि मेल बदलायला घेतलं, विंडोज शेवटी.

कोकणातला_मास्तर:
एवढ्या लांब कशाला, केरळात बघा. सरकारी शाळांत कितीतरी वर्षं लिनक्सच आहे, आधी आयटी अ‍ॅट स्कूल म्हणायचे आता काइट, ते स्वतःचं उबंटूवर बेतलेलं लिनक्स मल्याळमसकट बनवून शाळांना देतात. पण तिथं आधी शिक्षकांना शिकवलं, मग मशीन दिली. आमच्या शाळेत उलट. मशीन आली, मागोमाग कुणीतरी सिस्टीम टाकून गेला, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. आम्ही त्यावर कापड घालून ठेवलंय.

पत्रिकावाला:
मंडळी, रविवारी भाचा येऊन गेला. दुकान बंद करून शटर अर्ध लावून बसलो. पेन ड्राइव्हवरून मिंट चालू केलं, वायफाय लागलं, कलर प्रिंटर केबल जोडताच सापडला. जुना छोटा लेझर मात्र ऐकेना, त्याचा ड्रायव्हर भाच्यानं दोन तास शोधला, शेवटी एक कागद निघाला त्यावर नुसत्या चौकोनांच्या ओळी. सातबारा उघडला, परीक्षेचा फॉर्म भरून झाला. बोटाचा ठसा घ्यायचं मशीन नाही चाललं.

मग मी कपाळकरंटा, इंकस्केपमध्ये (कोरलसारखंच पण फुकटचं) २०११ ची एक पत्रिका उघडायला सांगितली. गणपती जागेवर, बॉर्डर जागेवर, आणि 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न' च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर असली भाजी. ती पत्रिका जुन्या फॉन्टमधली, युनिकोडच्या (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते ती पद्धत) आधीची. मला त्या क्षणी म्युनिकच्या कारकुनाची दया आली. माझ्याकडं अशा चौदा वर्षांच्या फायली आहेत आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं थोरल्याची केली होती तशीच धाकट्याची करा, फक्त नाव बदला. विंडोज मला सोडता येईल हो, पण ह्या फायली मला सोडत नाहीत.

तर ठरलं असं. पुढच्या दोन मशीनवर मिंट टाकलं, फॉर्म, झेरॉक्स, मेल त्यावर. आतली दोन कोरल आणि श्रीलिपीसाठी विंडोज १० वरच, नेटची केबल काढून टाकली, फाईल पेन ड्राइव्हनं न्यायची. ठशाचं मशीन पुतण्याच्या लॅपटॉपवर. आणि नवीन पत्रिकेचा मजकूर आता युनिकोडमध्येच टाइप करायचा असं सगळ्यांना सांगितलंय. असेंबलर काका, तुमच्यासारखाच आमचा हार्डवेअरवाला पण नाराज दिसतोय.

सौ. सोमवारी मिंटवर बसली, दिवसभरात सतरा फॉर्म भरले, संध्याकाळी एवढंच विचारलं की पत्त्यांचा गेम कुठं गेला. एकच अडलंय, मिंटवर मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावलाय पण 'साताऱ्याचे पाहुणे' मधला तो 'ऱ्य' काही केल्या निघत नाही, 'र्य' च होतोय. कुणाला माहितीय का?

टर्मिनल_तात्या:
शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरकी रेघ. गेम सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'सॉलिटेअर' टाकून शोधा, वहिनींना सांगा.