डोळ्यातल्या अश्रूंवरचा तेलाचा थर 48 नॅनोमीटर, हे कमी आहे का?

मृण्मयी_क:
आईचे डोळे सारखे चुरचुरतात आणि टीव्ही बघताना तर घळाघळा पाणी येतं. डॉक्टरांनी लिपिव्ह्यू मशीनवर टेस्ट केली, रिपोर्टमध्ये उजवा 48 डावा 55 आलाय आणि म्हणे ड्राय आय आहे. पाणी येतंय तर कोरडे कसे? आणि एवढा पातळ थर मोजतात तरी कसा?

चष्मेवाला_ऑप्टोम:
अश्रूंचा पूर्ण थर साधारण 3 मायक्रॉनचा, म्हणजे 3000 नॅनोमीटरचा, त्यावर तेलाचा थर असतो तो काही डझन नॅनोमीटरचा, कधी 100 च्या आसपास. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं, ते कमी पडलं की खालचं पाणी भराभर उडतं, डोळा चुरचुरतो आणि मग शरीर आणखी पाणी सोडतं, पण तेही टिकत नाही, म्हणून आईंना पाणी येतंय.

मोजायला डोळ्यावर पांढरा प्रकाश टाकतात. तेलाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून रंग तयार होतात, पावसात रस्त्यावर डिझेल सांडलं की दिसतात तसे. थर पातळ असेल तर नुसता करडा-पांढरा, जाड असेल तर पिवळसर, तपकिरी, मग निळसर. कॅमेरा व्हिडिओ घेतो आणि सॉफ्टवेअर रंगावरून जाडी काढतं. स्क्रीनवर बघायला मिळालं तर नक्की बघा, पापणी उघडली की तेल खालून वर पसरत जाताना दिसतं, फार सुंदर असतं ते!

नेत्रा_डॉ:
बरेच डॉक्टर 60 च्या खाली आलं की ग्रंथी नीट तपासतात, पण फक्त या आकड्यावर निदान करत नाहीत. पापणी दाबून तेल पातळ येतंय की टूथपेस्टसारखं घट्ट, आणि पापणी मिटून उघडल्यावर अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो, हे बघणं मला तरी जास्त महत्त्वाचं वाटतं. टेस्टच्या आधी तेलकट ड्रॉप्स, मलम किंवा काजळ घातलं होतं का?

मृण्मयी_क:
हो, काजळ रोजच असतं, आणि रात्री मलम पण लावते ती!

नेत्रा_डॉ:
मग त्या आकड्यांवर लगेच विसंबू नका, डॉक्टरांना हे सांगा आणि पुन्हा टेस्ट करायची का ते विचारा. त्या दिवशी काजळ नको, आणि मलम किती तास आधी बंद ठेवायचं तेही त्यांनाच विचारा. ग्रंथी तुंबलेल्या निघाल्या तर रोज कोमट शेक, 8-10 मिनिटं, मग पापणीच्या कडेला हलका मसाज. आणि टीव्ही बघताना पापण्या पूर्ण मिटायला सांगा, अर्धवट मिटल्या तर तेल नीट पसरत नाही.