मदत हवी आहे: फुटपाथवरच्या ताम्हणाची पानं करपतायत

पुण्यात सोसायटीबाहेर जुलैत लावलेली करंज, बहावा आणि ताम्हणाची सहा-सात फुटी रोपं आहेत. खड्डे ३ बाय ३ फुटांचे, तळाला मुरूम आणि राडारोडा. पाऊस थांबल्यापासून आठवड्यातून दोनदा प्रत्येकी १५ लिटर बोअरचं पाणी दिलं जातं. करंज ठीक आहे, पण ताम्हणाची पानं कडेने तपकिरी होतायत.

एका रोपाजवळ उकरलं तर आळ्यातली माती ओली, पिशवीतून आलेला मुळांचा गोळा मात्र आतून कोरडा ठाक. गोळ्याची लाल माती घट्ट, भोवतीची भर सैल, म्हणून पाणी बाजूनेच उतरतंय असं वाटतं. आळ्याची कड खोडापासून दोन फुटांवर आहे. गोळ्यावरच पाणी साचावं म्हणून आत दुसरं छोटं आळं करावं का? पाणी आत मुरावं म्हणून गोळ्यात बारीक सळईने भोकं पाडली तर कोवळी मुळं तुटतील, ही धास्ती आहे.

पालापाचोळ्याचा तीन इंची थर, खोडाला न टेकवता, घातलाय. पानांच्या कडा बोअरच्या क्षारांनीही जळतात. कोरड्या गोळ्याचा परिणाम आणि क्षारांचा, हे वेगळं कसं ओळखायचं? रस्त्याकडेला ताम्हण जगवलेल्यांनी कृपया सांगा. मार्चच्या आत सुधारणा करायची आहे, नाहीतर ही झाडं हातची जातील.