क्रेडिट कार्डाच्या बिलावरून बँकेशी वाद: तुमचे अनुभव लिहा

बिल आलंय, त्यातली रक्कम तुम्हाला मान्य नाही आणि बँक म्हणते आधी भरा मग बोलू. अशा वेळी तुम्ही काय केलंत, काय चाललं, काय नाही चाललं ते इथे लिहा. बँकेचं नाव नको, उगाच तिसराच वाद सुरू होतो.

सुरुवात मी करते. माझे बाबा साताऱ्याला असतात, रिटायर्ड शिक्षक. पेन्शन जमा होते त्या बँकेने न मागता कार्ड पाठवलं, बाबांनी पाकीटही फोडलं नाही, ठेवलं कपाटात. पुढच्या वर्षी वार्षिक फी लागली, त्यावर जीएसटी, मग लेट फी, त्यावर व्याज. फोनवर उत्तर काय तर "मॅडम अर्धे भरा, बाकीचं वेव्ह करून देतो". मग मी फोन बंद केले आणि नोडल ऑफिसरला, म्हणजे बँकेत तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, मेल टाकला. रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ चा कार्डांबद्दलचा आदेश आहे त्यात स्पष्ट लिहिलंय की न मागता कार्ड द्यायचं नाही, दिलं आणि बिल लावलं तर ते रद्द करायचं आणि वर त्याच्या दुप्पट रक्कम ग्राहकाला दंड म्हणून द्यायची. लगेच उत्तर आलं, "सद्भावना म्हणून" फी माफ केली म्हणे. दुप्पट दंडाबद्दल अवाक्षर नाही. बाबा म्हणतात सोड आता. मी सोडलेलं नाहीये.

रात्रपाळी (ठाणे)
माझी केस फ्रॉडची. मी ड्युटीवर, कार्ड खिशात आणि मेसेज येतायत डॉलरमध्ये खरेदी झाल्याचे. ओटीपी नाही काही नाही, कारण परदेशी साइटला तो लागतोच असं नाही. तिथल्या तिथे ॲपमधून कार्ड ब्लॉक केलं, कस्टमर केअरकडून तक्रार क्रमांक घेतला, १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनवर पण नोंदवलं. बँकेने पैसे तात्पुरते परत जमा केले, पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. दोनेक महिन्यांनी बघतो तर गुपचूप पुन्हा माझ्या नावावर टाकलेले! कारण लिहिलेलं "व्यवहार यशस्वी आहे". अरे यशस्वी झाला म्हणूनच तर रडतोय ना मी.
मग रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं सर्क्युलर शोधून काढलं. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कुणी डल्ला मारलाय आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत कळवलंय तर तुमची जबाबदारी शून्य. आणि ग्राहकाची चूक होती हे बँकेने सिद्ध करायचं, आपण नाही. तेवढी दोन वाक्यं मेलमध्ये टाकली आणि पुरावा लेखी मागितला. ३० दिवस गेले तरी काही आलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, तिला एक पैसा लागत नाही. पैसे आले, मधलं व्याजही काढलं.

निवृत्त कॅशियर
वरच्या पोराने बरोबर केलं. थोडी भर घालतो, उभी नोकरी बँकेत गेली माझी. ३ दिवस हुकले तरी सगळं संपत नाही. ४ ते ७ कामाच्या दिवसांत कळवलं तर ५ लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डाला जास्तीत जास्त १०,००० तुमच्या अंगावर, त्यावरच्या लिमिटला २५,०००. पण ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजत बसू नका, आधी कळवा. आमच्या बिल्डिंगमध्ये एकजण घरच्यांना काय सांगू म्हणून रात्रभर गप्प बसला, तेवढ्यात उरलेलं लिमिटही साफ.
आणि शाखेत जाऊन तिथल्या पोरांवर ओरडू नका हो. कार्डाचं खातं वेगळं असतं, त्यांच्या स्क्रीनवर बरेचदा दिसतसुद्धा नाही.

मडगांवकरीण
फ्रॉड नसलेली केस सांगते कारण ती जास्त चिकट असते. टूर कंपनीने टूर कॅन्सल केली, रिफंड देतो देतो म्हणत राहिली, शेवटी फोन उचलायची बंद झाली. बँकेत फोन केला तर ऑपरेटर म्हणाली फ्रॉडच्या रकान्यात टिक करा. केलं. कार्ड ब्लॉक झालं आणि तक्रार फेटाळली, कारण ओटीपी मीच टाकलेला! बरोबरच आहे ना त्यांचं, फ्रॉड नव्हताच तो. मग पुन्हा अर्ज, या वेळी "पैसे घेतले, सेवा दिली नाही" या कारणाखाली चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत दुकानदाराकडून पैसे परत मागणं, सोबत कॅन्सलेशनचा मेल आणि रिफंड देऊ असं कबूल केलेले व्हॉट्सॲप मेसेज. मिळाले पैसे. चार्जबॅकला मुदत असते त्यामुळे दुकानदाराच्या "पुढच्या आठवड्यात नक्की"वर फार दिवस काढू नका.

संत्री बर्फी (नागपूर)
होम लोन मंजूर होता होता अडकलं ना बाप्पा. जुन्या नोकरीतलं कार्ड बंद केलं होतं, त्यावर नंतर कसलीतरी फी लावली अन् ती वाढत वाढत हजारांत गेली. सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोत, थकबाकीदार. बँकेचा माणूस म्हणे ४० टक्के भरा, सेटल करून टाकू. ऑफिसातल्या एकाने वेळेवर थांबवलं, म्हणे सेटल केलं की रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा बसते अन् पुढचा बँकवाला तो पाहूनच तोंड फिरवते. आपल्याला "क्लोज्ड" पाहिजे. मग बँकेत अन् क्रेडिट ब्युरोत दोन्हीकडे लेखी तक्रार टाकली. ब्युरो काही स्वतः बदल करत नाही, बँकेलाच विचारते. पण एप्रिल २०२४ पासून ३० दिवसांत दुरुस्ती नाही झाली तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, ते मेलमध्ये लिहिल्यावर हालचाल झाली. कार्ड बंद केल्याचा जुना मेल ठेवला होता म्हणून वाचलो. नो ड्यूज सर्टिफिकेट घेतल्याशिवाय कार्ड बंद झालं असं समजूच नका.

पंचगंगा (कोल्हापूर)
आमच्याकडं वाद चालू असतानाच वसुलीवाले सुटले. शेजारच्या मावशींना फोन करून सांगतायत की ह्यांनी पैसे बुडवले. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी करायची नाही, असा नियमच आहे. मिस्टरांनी कॉल रेकॉर्ड करून बँकेला पाठवले, फोन बंद. मग लोकअदालतीची नोटीस आली आणि सासूबाईंनी जेवणच सोडलं, अटक होणार म्हणून. तसलं काय नसतंय. तिथं दोघांच्या संमतीनंच तडजोड होते. आम्ही गेलो, रक्कम मान्य नाही म्हणून सांगितलं, सही केली नाही, परत आलो. पण एकदा सही केली की अपील नाही हां, ते ध्यानात ठेवा.

न्यू जर्सीहून
इथे चुकीच्या बिलाला स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी पत्र टाकायचं, बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची, आणि वाद चालू असताना तेवढी रक्कम नाही भरली तरी चालते. कायदा १९७४ चा आहे. पण पत्र स्टेटमेंटवर दिलेल्या चौकशीच्या पत्त्यावरच, पेमेंटच्या पत्त्यावर नाही, याच्यावरून मित्राची केस लटकली होती.

नवखा
माझ्या बिलात एक व्यवहार दोनदा लागलाय, बाकीचं बिल खरं आहे. सगळंच भरायचं थांबवू का?

निवृत्त कॅशियर
अजिबात नको. वादातली रक्कम सोडून बाकी सगळं ड्यू डेटच्या आत भर, आणि किती भरलं, किती का नाही भरलं ते त्याच दिवशी मेल कर. नियमाने त्यांनी ३० दिवसांत कागदपत्रांसकट खुलासा द्यायचा असतो. दोनदा लागलेल्या व्यवहाराच्या दोन्ही ओळींचा स्क्रीनशॉट जोड.

नवखा
काका पण ऑटो डेबिट लावलंय, ते पूर्ण बिल ओढेल का?

निवृत्त कॅशियर
ओढेल. आजच बदल.