मदत हवी आहे: परिसंवादात मुलं एकमेकांशी बोलतच नाहीत

खडू_डस्टर
शुक्रवारी वर्गात परिसंवाद आहे आणि आजची तालीम बघून डोकं धरून बसले आहे. सहा जण बसवलेत, एक सूत्रसंचालक. प्रत्येक जण उठतो, "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" करतो, पाठ केलेलं घडाघडा म्हणतो, बसतो. पुढचा उठतो, पुन्हा तेच. चर्चा शून्य. काय करू? "आत्मविश्वास वाढवा" छाप सल्ले नकोत, ठोस सांगा. घाई आहे.

निवांत_पेठकर
कितवीची मुलं? विषय काय? वेळ किती?

भिंगरी
अगदी अगदी! आमच्या सोसायटीच्या गणपतीत हेच झालं. हातातला माइक देऊच नका, पोरं तो तोंडात घालतात आणि नुसता फूऽफू आवाज येतो. कॉलरला लावायचे भाड्याने मिळतात. बॅटऱ्या मात्र जास्तीच्या घेऊन ठेवा.

जुना_मास्तर
आधी ठरवा, परिसंवाद हवाय की वादविवाद. वादविवादात दोन बाजू आणि हारजीत. परिसंवादात एकाच प्रश्नाकडे निरनिराळ्या ठिकाणी उभं राहून बघायचं. आमच्या शाळांनी सगळ्याचीच वक्तृत्व स्पर्धा करून टाकलीय, मग मुलं भाषणच ठोकणार. त्यांचा काय दोष?

खडू_डस्टर
माइक नकोय हो, वर्गातच आहे. नववी. विषय पाणी. एक तास.

निवांत_पेठकर
"पाणी" हा निबंधाचा विषय झाला, परिसंवादाचा नाही. नेमका प्रश्न काय दिलाय?

खडू_डस्टर
"उजनी धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा?" सोलापूर जिल्हा आहे, मला वाटलं कळेल.

निवांत_पेठकर
कसं कळणार, ताई! पण प्रश्न झकास आहे. आता हे करा. भाषणाचे कागद गोळा करा. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा एक कागद द्या, त्यावर तीनच मुद्दे, तेही पूर्ण वाक्यात नकोत. उठून उभं राहायचं नाही, अर्धवर्तुळात बसूनच बोलायचं. उभं राहिलं की भाषण आपोआप सुरू होतं. सुरुवातीला प्रत्येकी दोन मिनिटं, पुढचं सगळं प्रश्नोत्तरात. आणि एक नियम: आधी बोललेल्याचा मुद्दा एका वाक्यात सांगायचा, मगच आपला. त्याने "माझं म्हणणं हे नव्हतंच" असं म्हटलं, तर पुन्हा सांगायचा. पहिल्या तालमीत हसतील, दुसऱ्या तालमीत ऐकायला लागतील.

जुना_मास्तर
तयारी वक्त्यांपेक्षा सूत्रसंचालकाची जास्त घ्यावी लागते. तो नुसता नावं पुकारत असेल तर कसली चर्चा? त्याच्याकडे प्रत्येकासाठी एक अडचणीचा प्रश्न हवा, आणि "यावर तुमचं काय म्हणणं?" असं मध्येच दुसऱ्याकडे वळवता यायला हवं. सगळ्यात हुशार मुलीला वक्ता करण्यापेक्षा सूत्रसंचालक करा.

टेलचा_शेतकरी
विषयच चुकीचा निवडलाय. आधी मुलांना आकडे द्या. धरण साधारण 117 टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातले 63-64 मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी कालव्याला न सुटणारं पाणी, उपयुक्त 53-54. "उजनी मायनसमध्ये" ही बातमी दर उन्हाळ्यात वाचतात, पण मायनस म्हणजे मृतसाठ्यातलं पाणी चाललंय, हे नववीतल्या किती जणांना ठाऊक आहे? एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर, हे गणित फळ्यावर करून घ्या. आणि उसाची चर्चा होणार नसेल तर वेळ घालवू नका.

वाडीवरचा
आला परत ऊस! आडसाली ऊस सोळा-अठरा महिने सांभाळतो तेव्हा कुठे चार पैसे दिसतात. दुसऱ्या कुठल्या पिकाला एफआरपीसारखा, म्हणजे सरकारने उसाला ठरवलेल्या किमान भावासारखा, दर बांधून मिळतो ते सांगा, उद्या खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) मोडतो.

टेलचा_शेतकरी
ठिबक करा असं म्हटलं तर लगेच राग. आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटतं तेव्हा, आमच्या टेलपर्यंत (कालव्याच्या शेवटापर्यंत) पाणी पोचेस्तोवर वरच्यांच्या मोटरी चालूच असतात. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, विसरलात?

वाडीवरचा
लातूर उजनीवर नाही, दादा. आणि सोलापूर शहरासाठी औज बंधाऱ्यापर्यंत (शहर जिथून पाणी उचलतं तो भीमेवरचा बंधारा) उजनीतून भीमेच्या पात्रातून पाणी सोडतात, त्यात वाटेत किती मुरतं तेही मोजा की.

भिंगरी
तुम्हा दोघांनाच बोलवा शुक्रवारी 😀

खडू_डस्टर
धागा भरकटतोय, पण खरी अडचण तीच आहे. सहापैकी पाच जणांच्या घरी ऊस आहे. शहराची बाजू घ्यायला कुणीच तयार नाही. ज्याला दिली तो म्हणतो, "पप्पा काय म्हणतील?" म्हणून सगळेच "पाणी वाचवा, पाणी हेच जीवन" करून मोकळे होतात.

निवांत_पेठकर
ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये सांगायची ना!

जुना_मास्तर
चिठ्ठ्या टाका. ऊस बागायतदार, टेलचा शेतकरी, शहरातली गृहिणी, पाटबंधारे खात्याचा अभियंता, कारखान्याचा कर्मचारी, ऊसतोड मजूर. वर्गासमोर जाहीर करा की ही भूमिका आहे, मुलाचं मत नव्हे. घरीही तसंच सांगता येतं. गळ्यात पाटी अडकवा हवं तर.

वाडीवरचा
पाटी अडकवून काही होत नाही. गावात गोष्ट पोचते ती "तुमचं पोरगं उसाच्या विरोधात बोललं" एवढीच. त्यापेक्षा त्याला घरी प्रश्न विचारायला पाठवा: पाण्याची पाळी किती दिवसांनी येते, मोटर किती तास चालते, ठिबक का नाही केलं. बाप स्वतःच बोलायला लागेल. पोराने तेच "माझे वडील असं सांगतात" म्हणून मांडावं. आमच्याकडे कुणी विचारत नाही, नुसते सल्ले देतात.

टेलचा_शेतकरी
हे मात्र पटलं.

निवांत_पेठकर
दोन्ही करा. चिठ्ठीने भूमिका आणि घरून माहिती. बाकीच्या वर्गाला रिकामं बसवू नका, प्रत्येकाने एक प्रश्न लिहून आणायचा. "हो" किंवा "नाही" म्हणून सुटता येईल असा प्रश्न बाद.

खडू_डस्टर
चिठ्ठ्या उद्या पहिल्या तासाला. भाषणाचे कागद काढून घेतले, दोघी रडवेल्या झाल्या, पाठ करण्यात आठवडा गेला होता म्हणे. आता नवीन संकट: मुख्याध्यापकांनी शेवटी स्वतःचं अध्यक्षीय मनोगत ठेवलंय. एक तासातली वीस मिनिटं!

जुना_मास्तर
तास मधल्या सुट्टीच्या आधीचा घ्या. घंटा वाजली की मनोगत आपोआप आटोपतं.