पाम, डिजिटल डायरी की पॉकेट पीसी : तुम्ही काय घेतलं होतं?

धंतोलीकर
दिवाळीची सफाई करताना पाम थ्री, म्हणजे खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर सापडला, पडद्यावर लिहायच्या काडीसकट. २००० च्या सुमारास मी नागपुरात एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. सकाळी रामदासपेठ, दुपारी मेडिकल चौक, मग वर्धा नाहीतर उमरेडचा दौरा. कोणते डॉक्टर किती वाजता भेटतात, कोणाला कोणतं सॅम्पल दिलं, स्टॉकिस्टकडे किती माल पडून आहे, सगळं खिशात हवं. कॅसिओची डिजिटल डायरी स्वस्त, पण त्या एवढ्याशा बटणांवर नाव टाकेपर्यंत पुढचा पेशंट आत. कॉम्पॅकचा पॉकेट पीसी, आयपॅक, तेव्हा नवीन आला होता. रंगीत पडदा, ३२ एमबी मेमरी. पाम थ्रीची २ एमबी. तरी मी पामच घेतला, कारण दोन ट्रिपल-ए सेलवर तो कित्येक आठवडे चालायचा आणि सेल काटोलच्या पानठेल्यावरही मिळायचे. रंगीतवाल्याला सारखं चार्जिंग, त्यात आपल्याकडचं लोडशेडिंग! दौऱ्यावरच्या माणसाने आधी सेल बघावा, पडदा नंतर, हे मी आजही ठामपणे सांगतो. तुम्ही लिहा.

बुटीबोरी_शिफ्ट
सायन सिरीज फाइव्ह! कीबोर्डवाला खिशातला कॉम्प्युटर, १९९७ चं मॉडेल. उघडलं की कीबोर्ड आपोआप पुढे सरकायचा. मेंटेनन्सच्या नोंदी त्यावरच. यालाही साधे डबल-ए सेल. पूर्ण वाक्यं लिहायची तर काडीपेक्षा बटणंच बरी. बस आली, बाकी नंतर.

वऱ्हाडी_ठेचा
पामवर काडीने लिहायची ती ग्राफिटी बाप्पा!! एका फटक्यात अक्षर. ए म्हणजे मधली आडवी रेघ नसलेला. हात बसला की सपासप. मी अजूनही बँकेच्या फॉर्मवर तसाच ए काढून राहिलो.

सोनपापडी
काका, चेक परत नाही आला का कधी? 😀

वऱ्हाडी_ठेचा
नाही जी, सही मराठीत करतो.

गोरेवाडा
उन्हाळ्याचं कोणी लिहिलंच नाही. मे महिन्यात, ४५ डिग्रीत, गाडीच्या डिक्कीत ठेवलं की कोणताही एलसीडी काळा पडायचा. सावलीत आणला की पुन्हा ठीक.

रातराणी
विषयाला धरून नाही कदाचित. बाबा विमा एजंट होते, महालात. मोठी यंत्रं आली तरी कॅसिओची डायरी सोडली नाही. ग्राहकांचे वाढदिवस, हप्त्यांच्या तारखा, सगळं त्यात. मागच्या वर्षी बाबा गेले. सिक्रेट भागाचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नाही. अक्षरं फिकट दिसताहेत, सेल काढायची भीती वाटते.

धंतोलीकर
ताई, वाचून वाईट वाटलं. रिसेट अजिबात करू नका, पासवर्डसोबत नोंदीही जातील. सिक्रेटमध्ये न टाकलेलं पासवर्डशिवाय दिसतं. आजच मोबाइलने एकेका पानाचे फोटो काढून घ्या.

गोरेवाडा
हो, आणि मेन सेल व बॅकअपचा सेल एकदम काढायचे नाहीत. बॅकअप आत असू द्या, मेन बदला, डायरी चालू होते का बघा, मगच बॅकअपला हात लावा.

रातराणी
फोटो काढायला घेतलेत. हे सेल बर्डीच्या बाजारात मिळतील का?

बुटीबोरी_शिफ्ट
कोणत्याही घड्याळवाल्याकडे. नंबर झाकणाच्या आत नाहीतर जुन्या सेलवर असतो. डायरी दुकानात उघडायला देऊ नका ताई, घरीच बदला. अडलं तर इथेच विचारा, रात्रपाळी आहे, जागाच असतो.